देवयानीचे पहिले स्पष्ट छायाचित्र टिपणारे आयझॅक रॉबर्ट्स

देवयानी तारकासमूहात नुसत्या डोळ्यांना धूसर ठिपक्यासारखी दिसणारी दीर्घिका नेमकी कशी आहे, हे जगाला सर्वप्रथम एका छायाचित्राने दाखवले. ते छायाचित्र कोणत्याही सरकारी वा विद्यापीठीय वेधशाळेत काढलेले नव्हते. इंग्लंडमधील लिव्हरपूल शहराजवळच्या मॅगल या गावी, एका बांधकाम व्यावसायिकाने स्वतःच्या घराच्या आवारात उभारलेल्या वेधशाळेत ते सन १८८८ मध्ये टिपले गेले. त्या व्यावसायिकाचे नाव आयझॅक रॉबर्ट्स.

तारकागुच्छ, तेजोमेघ आणि दीर्घिका यांची छायाचित्रे काढण्याचा छंद आज जगभर जोपासला जातो. भारतातही मोठ्या शहरांच्या झगमगाटापासून दूर जाऊन रात्रभर दुर्बिणीपाशी बसणाऱ्यांची संख्या वाढत आहे. त्यांच्यापैकी अनेकांना रॉबर्ट्स हे नाव ठाऊक नसेल. मात्र ज्या पद्धतीने ते काम करतात, त्यातील बरेच काही या गृहस्थाने गेल्याच्या आधीच्या शतकात आपल्या खर्चाने आणि आपल्या हिमतीवर करून पाहिले होते.

रॉबर्ट्स यांचा जन्म २७ जानेवारी १८२९ रोजी उत्तर वेल्समधील डेन्बीशायर परगण्यातील ग्रोएस या खेड्यात झाला. वडील शेतकरी होते. आयझॅक लहान असतानाच कुटुंब लिव्हरपूलला स्थायिक झाले. सन १८४४ मध्ये, वयाच्या पंधराव्या वर्षी, ते तेथील एका बांधकाम कंपनीत उमेदवारीला लागले. पुढे त्याच कंपनीच्या व्यवस्थापकपदापर्यंत ते पोहोचले आणि सन १८५९ मध्ये त्यांनी स्वतःचा व्यवसाय सुरू केला. काही वर्षांनी एक भागीदारही आला. लिव्हरपूल त्या काळी ब्रिटनचे मोठे बंदर होते, शहर झपाट्याने विस्तारत होते, आणि बांधकामाच्या धंद्यात पैसा होता. रॉबर्ट्स यांनी तो मिळवला.

महाविद्यालयीन शिक्षण न मिळालेल्या या माणसाला विज्ञानाची ओढ होती. त्यांचा पहिला विषय खगोलशास्त्र नव्हे, तर भूगर्भशास्त्र होता. वाळूच्या खडकातून भूमिगत पाणी कसे वाहते, याचा त्यांनी अभ्यास केला आणि सन १८७० मध्ये ते लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीचे फेलो झाले. आकाशाकडे त्यांचे लक्ष वळले ते त्यानंतर. सन १८७८ मध्ये त्यांच्याकडे सात इंच व्यासाची, कुक यांनी बनवलेली अपवर्ती दुर्बीण होती. तेव्हा रॉबर्ट्स पन्नाशीच्या उंबरठ्यावर होते. ज्या वयात बहुतेक जण नव्या छंदाचा विचार सोडून देतात, त्या वयात ही सुरुवात झाली, हे येथे मुद्दाम नोंदवावेसे वाटते.

काचेच्या प्लेटवरचे आकाश

या कथेचा दुसरा नायक आहे कोरडी जिलेटिन प्लेट. तोपर्यंत छायाचित्रकाराला ओला रासायनिक थर दिलेली काच वापरावी लागे आणि ती सुकण्याच्या आत सारे उरकावे लागे. क्षीण प्रकाशाच्या आकाशस्थ वस्तूंसाठी तेवढा वेळ पुरत नसे. सन १८७१ मध्ये सुचवल्या गेलेल्या आणि पुढील दशकात सुधारत गेलेल्या कोरड्या प्लेटने हे बंधन दूर केले. ही काच तासन्‌तास उघडी ठेवता येई आणि तेवढा वेळ तिच्यावर प्रकाश साठत राही. मानवी डोळ्याला ही सोय नाही. डोळा क्षणाक्षणाचा प्रकाश पाहतो आणि सोडून देतो.

अमेरिकेत हेन्री ड्रेपर यांनी सप्टेंबर १८८० मध्ये मृग नक्षत्रातील तेजोमेघाचे पहिले छायाचित्र घेतले. लंडनजवळील ईलिंग येथे अँड्र्यू एन्स्ली कॉमन यांनी जानेवारी १८८३ मध्ये त्याच तेजोमेघाचे त्याहून कितीतरी सरस छायाचित्र मिळवले आणि त्याबद्दल त्यांना रॉयल अ‍ॅस्ट्रॉनॉमिकल सोसायटीचे सुवर्णपदक मिळाले. कॉमन हेही हौशीच होते. व्यवसायाने ते स्वच्छता अभियंता. त्यांच्या यशानंतर आकाशाचे छायाचित्रण हे निव्वळ कुतूहल राहिले नाही. नुसत्या डोळ्यांना मोठ्या दुर्बिणीतूनही न दिसणारे तारे काचेवर उमटतात, हे त्यांनी सिद्ध केले होते.

रॉबर्ट्स सन १८८२ मध्ये मॅगल येथील केनेसी या घरात राहायला आले. सन १८८३ मध्ये त्यांनी व्यक्तिचित्रे काढण्याच्या साध्या भिंगांनी ताऱ्यांची छायाचित्रे घेऊन पाहिली. भिंगांच्या मर्यादा लक्षात आल्यावर त्यांनी डब्लिनचे प्रसिद्ध दुर्बीणकार ग्रब यांच्याकडे वीस इंच व्यासाच्या आरशाची परावर्ती दुर्बीण मागवली. सन १८८५ मध्ये ती बसवण्यात आली. तिचे नाभीय अंतर सुमारे शंभर इंच होते.

येथे रॉबर्ट्स यांच्यातील बांधकाम व्यावसायिक कामाला आला. सर्वसाधारण परावर्ती दुर्बिणीत मुख्य आरशाने गोळा केलेला प्रकाश दुसऱ्या लहान आरशावरून बाहेर वळवला जातो आणि त्या परावर्तनात थोडा प्रकाश वाया जातो. रॉबर्ट्स यांनी दुसरा आरसा वगळून छायाचित्राची काच थेट मुख्य आरशाच्या नाभीवर, नळीच्या तोंडाशी बसवली. शिवाय आपली जुनी सात इंची दुर्बीण त्यांनी त्याच अक्षावर, मोठ्या दुर्बिणीच्या विरुद्ध टोकाला जोडली. त्यामुळे एका दुर्बिणीने दुसरीचा तोलही सांभाळला आणि एकाच घड्याळी यंत्राने दोन्ही फिरू लागल्या.

हे का आवश्यक होते, ते समजून घ्यायला हवे. पृथ्वीच्या परिवलनामुळे आकाश दर चार मिनिटांना एक अंशाने सरकताना दिसते. म्हणजे सुमारे दोन मिनिटांत तारा पूर्ण चंद्राच्या रुंदीइतका सरकतो. चार तास काच उघडी ठेवायची, तर दुर्बिणीने तेवढा सर्व वेळ ताऱ्यांचा अचूक पाठलाग केला पाहिजे. वजनांवर चालणारे यंत्र हे काम बऱ्यापैकी करी, पण बिनचूक नव्हे. म्हणून कोणीतरी थंडीत, अंधारात नेत्रिकेला डोळा लावून बसायचे, एखादा तारा दृष्टिक्षेत्रातील बारीक तारांच्या छेदावर धरून ठेवायचा आणि तो किंचित ढळला की स्क्रू फिरवून दुर्बीण सावरायची. आज हे काम संगणकाला जोडलेला लहानसा कॅमेरा करतो आणि छायाचित्रकार उबदार गाडीत बसून चहा घेऊ शकतो. तरीही अनेक लहान छायाचित्रे घेऊन ती एकावर एक रचण्याच्या आजच्या पद्धतीमागचे मूळ तत्त्व तेच आहे, ते म्हणजे प्रकाश साठवत राहणे.

सन १८८६ मध्ये रॉबर्ट्स यांनी कृत्तिका या तारकागुच्छाचे तीन तासांचे छायाचित्र घेतले. कृत्तिकेतील एका ताऱ्याभोवती तेजोमेघाचा पट्टा असल्याचे पॅरिसच्या हेन्री बंधूंनी आदल्याच वर्षी छायाचित्रातून दाखवले होते. रॉबर्ट्स यांच्या काचेवर अनेक ठळक ताऱ्यांभोवती पसरलेले धुक्यासारखे पदर उमटले. आपल्या आजी-आजोबांनी बोट दाखवून ओळखायला शिकवलेला हा लहानसा पुंजका एका विस्तीर्ण धूसर आवरणात गुरफटलेला आहे, हे प्रथमच ठळकपणे दिसले.

सन १८८८ ची छायाचित्रे

देवयानीतील त्या धूसर ठिपक्याची नोंद पर्शियन खगोलशास्त्रज्ञ अल् सूफी यांनी दहाव्या शतकातच केली होती. सन १८४७ मध्ये अमेरिकेतील जॉर्ज बाँड यांनी मोठ्या दुर्बिणीतून पाहून त्याचे रेखाचित्र काढले. त्यात दोन काळ्या, जवळपास सरळ भासणाऱ्या रेघा होत्या. या रेघा कशाच्या, हे कोणालाच उलगडले नव्हते. सन १८८५ मध्ये याच ठिकाणी एक नवा तारा प्रकटून काही महिन्यांत दिसेनासा झाल्याने कुतूहल आणखी वाढले होते.

रॉबर्ट्स यांनी १ ऑक्टोबर १८८८ रोजी आणि त्यानंतरच्या काही रात्री देवयानीची छायाचित्रे घेतली. त्यांपैकी २९ डिसेंबर १८८८ रोजी चार तास काच उघडी ठेवून घेतलेले छायाचित्र सर्वाधिक प्रसिद्ध झाले. बाँड यांच्या रेघांचे कोडे त्यात सुटले. त्या सरळ रेघा नव्हत्या. तेजस्वी गाभ्याभोवती वेढे घेत जाणाऱ्या बाहूंमधील ती अंधारी अंतरे होती. देवयानी सर्पिल आहे, आणि आपल्याला ती तिरकी दिसते, हे त्या काचेने दाखवले. तिच्या दोन्ही लहान सोबतीही त्यावर होत्या. लंडनच्या रॉयल अ‍ॅस्ट्रॉनॉमिकल सोसायटीत ही छायाचित्रे मांडली गेली तेव्हा खळबळ उडाली. तोपर्यंत खगोलशास्त्रज्ञ परस्परांच्या रेखाचित्रांवर वाद घालीत. कोणाचा हात अधिक विश्वासार्ह, हाच प्रश्न असे. आता पुरावा काचेवर होता आणि तो कोणीही पुन्हा पुन्हा तपासू शकत होता.

मात्र हा पुरावा वाचण्यात रॉबर्ट्स चुकले. एकटे तेच नव्हे, तर बहुतेक समकालीनही. फ्रेंच गणितज्ञ लाप्लास यांच्या सिद्धान्तानुसार फिरणारा वायूचा मेघ आकुंचन पावत जातो, त्यातून कडी सुटतात आणि त्यांचे ग्रह बनतात. देवयानीच्या छायाचित्रात रॉबर्ट्स यांना हीच प्रक्रिया चालू असलेली दिसली. मधला गाभा म्हणजे जन्म घेणारा सूर्य, भोवतीचे वेढे म्हणजे भावी ग्रहांची सामग्री, आणि दोन लहान सोबती म्हणजे आधीच वेगळे झालेले ग्रह. चित्र इतके चपखल बसत होते की शंका घेणे अवघड होते.

येथे अनुवादकाच्या नजरेतून एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. त्या काळी नेब्युला या एकाच शब्दात सारे सामावलेले असे. मृगातील वायूचा मेघही नेब्युला आणि देवयानीही नेब्युला. मराठीत आज आपण तेजोमेघ आणि दीर्घिका असे दोन शब्द सहज वापरतो. रॉबर्ट्स यांच्या पिढीकडे दुसरा शब्दच नव्हता, कारण दुसरी कल्पनाच रुजलेली नव्हती.

सन १८९९ मध्ये जर्मनीतील पॉट्सडॅम येथे युलियस शायनर यांनी देवयानीच्या प्रकाशाचा वर्णपट छायाचित्रित केला आणि तो ताऱ्यांच्या प्रकाशासारखा असल्याचे दाखवले. तरीही मत बदलायला वेळ लागला. सन १९२३ मध्ये एडविन हबल यांना माउंट विल्सन येथील शंभर इंची दुर्बिणीने घेतलेल्या छायाचित्रात देवयानीतील एक सेफीड रूपविकारी तारा सापडला आणि त्यावरून तिचे अंतर काढता आले. देवयानी ही आपल्या आकाशगंगेबाहेरील स्वतंत्र दीर्घिका ठरली. आजच्या मोजमापानुसार ती सुमारे २५ लाख प्रकाशवर्षे दूर आहे. रॉबर्ट्स यांना एका सूर्याचा जन्म वाटलेल्या त्या चित्रात प्रत्यक्षात अब्जावधी सूर्यांचा प्रकाश होता. हे कळण्याच्या जवळपास वीस वर्षे आधी त्यांचे निधन झाले होते.

सोडून दिलेला नकाशा

रॉबर्ट्स यांच्या मनात सुरुवातीला वेगळीच योजना होती. उत्तर गोलार्धातील संपूर्ण आकाशाचा छायाचित्रित नकाशा एकट्याने तयार करायचा. परंतु एप्रिल १८८७ मध्ये पॅरिस येथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय परिषदेने जगभरातील वेधशाळांनी मिळून आकाशाचा नकाशा तयार करावा, असे ठरवले. तेव्हा रॉबर्ट्स यांनी आपली योजना बाजूला ठेवली आणि तारकागुच्छ व तेजोमेघांवर लक्ष केंद्रित केले. पॅरिसच्या त्या महाप्रकल्पात पुढे आपल्या हैदराबादची निजामिया वेधशाळाही सहभागी झाली. नकाशा मात्र ठरल्याप्रमाणे कधीच पूर्ण झाला नाही. रॉबर्ट्स यांनी त्यातून अंग काढून घेतले, हे खगोलशास्त्राच्या पथ्यावरच पडले, असे म्हणता येईल.

सन १८९० मध्ये ते दक्षिण इंग्लंडमधील ससेक्स परगण्यात क्रोबरो येथे गेले. सुमारे आठशे फूट उंचीच्या या टेकडीवर आकाश अधिक स्वच्छ होते. घराचे नाव त्यांनी स्टारफील्ड ठेवले. त्याच वर्षी ते रॉयल सोसायटीचे फेलो झाले. सप्तर्षीतील सर्पिल दीर्घिका, श्यामशबल तारकासमूहातील भोवऱ्यासारखी दीर्घिका, शौरीमधील गोलाकार तारकागुच्छ, ययातीमधील जुळे तारकागुच्छ, अशी एकामागून एक छायाचित्रे जमा होत गेली. सन १८९३ मध्ये त्यांचा छायाचित्रसंग्रह ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला आणि सन १८९९ मध्ये त्याचा दुसरा खंड आला. डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजने त्यांना मानद पदवी दिली आणि सन १८९५ मध्ये रॉयल अ‍ॅस्ट्रॉनॉमिकल सोसायटीचे सुवर्णपदकही मिळाले.

या काळातील बरीच छायाचित्रे प्रत्यक्षात त्यांचे सहायक विल्यम सॅडलर फ्रँक्स यांनी घेतली होती. सन १८९२ पासून फ्रँक्स त्यांच्याकडे नोकरीस होते. ताऱ्यांच्या रंगांचे अभ्यासक म्हणून त्यांची स्वतंत्र ओळख होती. रात्र जागवणारे हात त्यांचे, ग्रंथाच्या मुखपृष्ठावरचे नाव मालकाचे. त्या काळची ही रीतच होती. तिला अन्याय म्हणावे की नाही, याचा निर्णय वाचकांनी करावा. फ्रँक्स यांची माहिती मात्र रॉबर्ट्स यांच्या चरित्रातून वगळता येत नाही.

याच सुमारास पुण्यातही वीस इंची परावर्ती दुर्बीण आली होती, हा योगायोग लक्षात घेण्याजोगा आहे. प्राध्यापक कावसजी दादाभाई नायगमवाला यांनी सायन्स कॉलेजात उभारलेल्या महाराजा तख्तसिंहजी वेधशाळेत ती बसवण्यात आली होती आणि तीही ग्रब यांच्याच कारखान्यातील होती. ही वेधशाळा सन १९१२ मध्ये बंद झाली आणि दुर्बीण कोडाईकनालला हलवण्यात आली.

शेवटचा वाद

सर विल्यम हर्शेल यांनी अठराव्या शतकात आकाशातील ५२ भागांत अतिशय विरळ, पसरट तेजोमेघ दिसल्याची नोंद केली होती. रॉबर्ट्स यांनी अनेक वर्षे खर्चून या सर्व ५२ भागांची छायाचित्रे घेतली आणि विसाव्या शतकाच्या प्रारंभी निष्कर्ष जाहीर केला. त्यांच्या मते केवळ चार भागांत तेजोमेघ होते. उरलेल्या ४८ भागांत काहीही नव्हते.

अमेरिकेतील एडवर्ड एमर्सन बार्नार्ड यांना हे मान्य झाले नाही. बार्नार्डही गरिबीतून, छायाचित्रकाराच्या दुकानात काम करीत वर आलेले होते. त्यांनी एका लहान भिंगाने मृग नक्षत्रातील विस्तीर्ण तेजोमेघ टिपला होता, आणि तो भाग रॉबर्ट्स यांनी रिकामा ठरवलेल्यांपैकी होता. वीस इंची आरसा हरला आणि लहान भिंग जिंकले, हे वरवर पाहता विचित्र वाटते. पण पसरट वस्तूची काचेवरील उजळता आरशाच्या व्यासावर ठरत नाही. ती नाभीय अंतर आणि व्यास यांच्या गुणोत्तरावर ठरते. त्यात रॉबर्ट्स यांच्या आरशाला विशेष लाभ नव्हता. शिवाय त्यांच्या काचेवर आकाशाचा जेमतेम दोन अंशांचा तुकडा मावे. तेजोमेघ त्याहून मोठा असेल, तर संपूर्ण काच सारखीच काळवंडते आणि पाहणाऱ्याला ते नुसते आकाशच वाटते. कडा दिसल्याशिवाय मेघ ओळखता येत नाही. हौशी छायाचित्रकार आजही लहान, रुंद क्षेत्राची दुर्बीण का जवळ बाळगतात, त्याचे उत्तर या वादात आहे.

रॉबर्ट्स आपल्या निष्कर्षावर ठाम राहिले. स्वतः घेतलेल्या काचेपेक्षा दुसऱ्याच्या काचेवर विश्वास ठेवणे त्यांना जमले नाही.

डोरोथिया

सन १८९६ च्या ऑगस्टमध्ये नॉर्वेच्या उत्तरेकडील वाड्सो येथून खग्रास सूर्यग्रहण दिसणार होते. ते पाहण्यासाठी निघालेल्या जहाजावर रॉबर्ट्स होते आणि पॅरिस वेधशाळेतील डोरोथिया क्लुम्पके याही होत्या. ग्रहणाच्या वेळी आकाश ढगाळ राहिले. ओळख मात्र झाली. क्लुम्पके यांचा जन्म सन १८६१ मध्ये सॅन फ्रान्सिस्को येथे झाला होता. शनीच्या कड्यांवरील गणिती प्रबंधासाठी सन १८९३ मध्ये त्यांना सॉर्बोन विद्यापीठाची डॉक्टरेट मिळाली होती, आणि पॅरिस वेधशाळेत त्या एका विभागाच्या प्रमुख होत्या. हा विभाग होता त्या आंतरराष्ट्रीय नकाशाच्या काचांवरील ताऱ्यांची मोजणी करणारा. सन १८९९ मध्ये सिंह राशीतील उल्कावर्षाव पाहण्यासाठी त्या बलूनमधून आकाशातही गेल्या होत्या.

रॉबर्ट्स यांच्या पहिल्या पत्नीचे निधन झाले होते. सन १९०१ मध्ये त्यांचा आणि डोरोथिया यांचा विवाह झाला. दोघांच्या वयात ३२ वर्षांचे अंतर होते. डोरोथिया पॅरिसमधील पद सोडून स्टारफील्डला आल्या. हा संसार तीन वर्षेही पुरता चालला नाही. १७ जुलै १९०४ रोजी रॉबर्ट्स यांचे अकस्मात निधन झाले. लिव्हरपूलसह बँगॉर आणि कार्डिफ येथील विद्यापीठांत शिष्यवृत्त्यांसाठी त्यांनी आपल्या संपत्तीतून तरतूद केली होती. काही वर्षांनी त्यांच्या अस्थी बर्कनहेड येथील फ्लेब्रिक दफनभूमीत ठेवण्यात आल्या.

छायाचित्रांच्या काचा डोरोथिया यांच्याकडे आल्या. त्या घेऊन त्या फ्रान्समध्ये, फाँतेनब्लोजवळील बी या गावी, आपली चित्रकार बहीण अ‍ॅना यांच्या घरी राहू लागल्या. तेथे त्यांनी वर्षानुवर्षे त्या काचांची मोजणी आणि मांडणी केली. सन १९२९ मध्ये, म्हणजे रॉबर्ट्स यांच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, हर्शेल यांच्या त्याच ५२ भागांचा छायाचित्रसंग्रह त्यांनी पतीच्या नावाने प्रसिद्ध केला. ज्या काचांवरून वाद झाला होता, त्याच आता सर्वांच्या हाती होत्या. सन १९३२ मध्ये त्याची पुरवणी निघाली आणि फ्रेंच विज्ञान अकादमीने या कामासाठी डोरोथिया यांना पारितोषिक दिले. दोन वर्षांनी त्यांना फ्रान्सचा लीजन ऑफ ऑनर हा किताबही मिळाला. त्यानंतर त्या आपल्या जन्मगावी, सॅन फ्रान्सिस्कोला परतल्या आणि सन १९४२ मध्ये तेथेच त्यांचे निधन झाले.